बावीस नंबरची पिशवी

आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव तापट आहे आणि तोंड फाटकं. एकतीस वर्षं इस्पितळात वॉर्डसिस्टर होते, तिथे मोठे डॉक्टरसुद्धा माझ्याशी जपून बोलायचे. निवृत्त झाल्यावर घरी स्वस्थ बसवेना, म्हणून नणंदेला हाताशी धरून बेघर पुरुषांसाठी रात्रीचा निवारा सुरू केला. नणंद नवऱ्याची थोरली बहीण, मी त्यांना वन्स म्हणते. त्या धुणं, चादरी, शिवण बघतात आणि मी बाकी सगळं, म्हणजे मुख्यतः ओरडणं. ही वाटणी वन्सनीच केलेली आहे.

जागा मिळाली ती बंद पडलेल्या तरणतलावाची. चार भिंती, वर पत्र्याचं उंच छप्पर आणि मधोमध कोरडा हौद. हौदाच्या तळाला फळ्या टाकून आम्ही छत्तीस खाटा मांडल्या. उथळ बाजूला म्हातारे, कारण तिथे उतरायला तीनच पायऱ्या. खोल बाजूला धडधाकट माणसं. भिंतीच्या निळ्या फरशांवर पाण्याच्या खोलीचे आकडे अजून तसेच आहेत. पहिल्याच रात्री एकाने मला विचारलं होतं की पोहता येत नसलं तरी इथे झोपलं तर चालेल ना. मी त्याला दम दिला आणि आत जाऊन हसले.

नियम तीन, तिन्ही माझे. पहिला, नाव विचारायचं नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही त्याला दारातच नाव काय, गाव काय, बापाचं नाव काय विचारलं की तो आल्या पावली परत जातो. खाटेचा नंबर हेच नाव. दुसरा, औषधं, सुया, चाकू, जे काही असेल ते संध्याकाळी कापडी पिशवीत घालून जमा करायचं, पिशवी नंबरच्या खुंटीला. वन्सनी एका जुन्या पडद्यातून छत्तीसच्या छत्तीस पिशव्या शिवल्या, सगळ्या सारख्या, राखाडी, नाडीच्या. दुसऱ्याची पिशवी कोणी उघडायची नाही, मीसुद्धा नाही. तिसरा नियम दाराचा. सकाळी सात ते संध्याकाळी सहा दार बंद, कारण परवानगीच रात्रीपुरती आहे आणि झाडलोट करायला आम्ही दोघी बायका. तशी पाटी दाराला होती. खालची ओळ मी नंतर वाढवली, ‘दार वाजवू नये.’

ती ओळ बावीस नंबरमुळे आली. बावीस म्हणजे तिशी-पस्तिशीतला, कमी बोलणारा, मान खाली घालून येणारा आणि तसाच जाणारा. मी सांगणार आहे त्या रात्रीच्या आठवडाभर आधी त्याची कानटोपी खाटेवर राहिली म्हणून तो दहाच्या सुमाराला परत आला आणि दार वाजवलं. आदल्या रात्री दोघांचं भांडण सोडवण्यात माझा डोळा लागला नव्हता. नको तेव्हा नको त्याच्यावर तोंड सुटलं. टोपी त्याच्या अंगावर फेकली आणि म्हटलं, “हे तुझं घर आहे का, वाटेल तेव्हा यायला?” समोरच्या बाकावर चार-पाच जण बसले होते, सगळ्यांनी ऐकलं. त्याने टोपी उचलून घातली आणि तो गेला. दुपारी मी रंगाचा डबा घेऊन पाटीवर ती ओळ लिहिली. वन्स म्हणाल्या, अगं, बेघर माणसाला हे विचारायचं वाक्य आहे का. मी म्हटलं, तुम्ही चादरी बघा.

आता त्या रात्रीचं सांगते. थंडी कडाक्याची होती. मध्यरात्रीच्या पुढे नऊ नंबरच्या खाटेवर वरच्या पाइपातून पाणी ठिबकायला लागलं. नऊ नंबरला आमचे पोस्टमन आजोबा असतात, सत्तरी ओलांडलेले. त्यांना फिट्सचा त्रास आहे, गोळी रोज सकाळी आठाच्या ठोक्याला. मी खाट कुठे सरकवावी म्हणून बघत होते तोवर बावीस नंबर खोल बाजूने उठून आला. म्हणाला, आजोबांना माझ्या खाटेवर पाठवा, मला थेंबाचं काही नाही. दोघांनी जागा बदलल्या. मी खाटेशी बादली ठेवली आणि मनात म्हटलं, पोरगं वाईट नाही, टोपीचं जरा जास्तच झालं. बोलून दाखवलं नाही. माझी जीभ रागावायला जेवढी लवकर वळते तेवढी बाकी कशाला वळत नाही.

सकाळी साडेसहाला मी पिशव्या वाटते. दुसरा कोणी असता तर त्याने दाराशी उभं राहून एकेकाच्या हातात दिल्या असत्या. माझी पद्धत वॉर्डातली. ढकलगाडीवर पिशव्या घ्यायच्या, खाटा ओळीने घ्यायच्या, उशाशी पिशवी ठेवायची, पुढे जायचं. तोंड बघायची गरज नाही, खाट कधी चुकत नाही. तशीच त्या दिवशीही फिरले. नवाची पिशवी नवावर, बावीसची बावीसवर. चहा-पाव झाला, सगळे गेले, साताला दार लावलं.

सव्वाआठला दारावर तीन थापा पडल्या. पोस्टमन आजोबांना पाटीचं भय नाही, त्यांचं म्हणणं, जन्म लोकांची दारं वाजवण्यात गेला, आता काय शिकवता. मी फणफणतच दार उघडलं. त्यांनी पिशवी पुढे केली. चहाच्या टपरीवर गोळी घ्यायला म्हणून त्यांनी नाडी सोडली तर आत निघाली इन्शुलिनची बाटली, सुया आणि रक्तातली साखर मोजायचं छोटं मशीन.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या उंबऱ्यात कळलं. माणसं बदलली आणि पिशव्या मी खाटेवर ठेवल्या. आजोबांच्या गोळ्या घेऊन बावीस नंबर गेला होता आणि त्याचं इन्शुलिन माझ्या हातात होतं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. साखरेचे रोगी दोन तऱ्हेचे. काहींचं गोळीवर निभतं, एखाद दिवस चुकली तर आभाळ कोसळत नाही. काहींचं शरीर इन्शुलिन मुळीच बनवत नाही, त्यांचा सगळा जीव सुईवर. एवढ्या तरुण वयात, दोन वेळची सुई, म्हणजे हा बहुधा दुसऱ्यांतला. आदल्या संध्याकाळी सहाला दाराशी त्याने शेवटची सुई घेतलेली मी पाहिली होती. सकाळची चुकली. दुपारपर्यंत मळमळ, मग उलट्या, मग श्वास खोल आणि भराभर. दिवस मावळेपर्यंत माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि रस्त्यावर बेशुद्ध पडलेल्या बेघर माणसाला लोक दारुडा समजून ओलांडून जातात. मी वॉर्डात असे आलेले पाहिलेत. उशिरा आलेले पाहिलेत.

आजोबांना घेऊन मी आधी दवाखान्यात धावले, त्यांची गोळी मिळवली आणि डॉक्टरांच्या नजरेखाली त्यांना तिथेच बसवून ठेवलं. इकडे वन्स ऑफिसात फोनला बसल्या. दहाला मी परत आले तेव्हा त्यांनी चार इस्पितळं आणि पोलीस चौकी पालथी घातली होती. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, नाव काय. नाव माहीत नाही. वय? अंदाजे. पत्ता? वन्सनी सांगितलं, बावीस नंबर. चौकीतला शिपाई म्हणाला, बाई, तुम्ही माणूस शोधताय की खाट? आणि त्याचं काय चुकलं? नाव न विचारण्याचा मला केवढा अभिमान होता. आता त्याच अभिमानापायी त्याला हाक मारायला माझ्याजवळ शब्द नव्हता.

मी म्हटलं, पिशवीत गोळ्या बघून तो स्वतःच येईल परत, मूर्ख नाही तो. वन्स दारावरच्या पाटीच्या दिशेला बघत राहिल्या. मी तो विषय तिथेच सोडला.

मग वन्स उठल्या आणि धुण्याच्या ढिगातून त्यांनी बावीसची चादर ओढून काढली. आठवड्याची एक चादर, ज्याची त्याला, कोपऱ्यात नंबर टाचलेला. त्यांनी ती टेबलावर पसरली. तुम्हाला-मला मळकी चादर दिसते, वन्सना आठवडाभराचं चोपडं दिसतं. उशीकडच्या बाजूला पांढरी भुकटी होती. मी म्हटलं पीठ आहे, गिरणीत किंवा बेकरीत असेल तो. वन्सनी चिमूटभर वाटीत घेतली, पाण्याचे दोन थेंब टाकले आणि बोटाने कालवून बसून राहिल्या. मला एकेक मिनिट जड जात होतं, मी म्हटलंही की ही काय भातुकली चाललीय. त्यांनी वाटी उलटी केली. भुकटी दगडासारखी घट्ट झाली होती.

“पीठ नाही, प्लॅस्टर आहे. दर आठवड्याला माझी मोरी तुंबते ती याच्यानेच,” त्या म्हणाल्या. “उशीवर पडलंय, म्हणजे डोक्यावर सांडतं. छताचं काम करतो तो.”

साडेदहाला आम्ही दाराला कुलूप घालून बाहेर पडलो. धुणं तसंच राहिलं. रोज अकराला वन्स धुण्याचं आणि वाळवणाचं मशीन लावतात, चार वाजेपर्यंत त्याची घरघर चालू असते. त्या दिवशी लावलं नाही. हे लक्षात ठेवा, मला ते आता मरेपर्यंत लक्षात राहणार आहे.

गावात बांधकामं थोडी का असतात. एका ठिकाणी पाया खणत होते, तिथे प्लॅस्टर कुठलं. एका ठिकाणी मुकादमाने आत सोडलं नाही, मी वॉर्डसिस्टरचा आवाज काढला तेव्हा सोडलं, आत सगळे रंगारी निघाले. प्लॅस्टरचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने तीन पत्ते दिले, त्यातला एक महिन्यापूर्वीचा. वन्सचे गुडघे दुखतात, एरवी दोन गल्ल्या चालायच्या तरी त्या मला ऐकवतात. त्या दिवशी माझ्या बरोबरीने चालत राहिल्या. इन्शुलिनची पिशवी मी छातीशी धरली होती, पदराच्या आत. दर अर्ध्या तासाला घड्याळ बघत होते आणि मनात मोजत होते. अठरा तास झाले. वीस झाले. आता त्याला तहान लागली असेल. आता ओकत असेल. भीती वाटत होती, सरळ सांगते. एकतीस वर्षांत चुकलं नाही ते औषध आता चुकलं होतं आणि ज्याच्या बाबतीत चुकलं त्याला मीच चारचौघांत दारातून हाकललं होतं.

चार वाजून गेले तेव्हा एका नव्या शाळेच्या इमारतीत छताच्या नक्षीचं काम करणारा मिस्त्री सापडला. शिडीवरून खाली न उतरताच त्याने सगळं ऐकलं. मी वर्णन करत होते, शांत, मान खाली, कानटोपी. कानटोपी म्हटल्यावर तो खाली आला. हो, माझ्याकडेच आहे, म्हणाला, पण आज नाही. सकाळी आला होता, चहाच्या आधी रोज कोपऱ्यात जाऊन सुई टोचून घेतो, तसा गेला. पिशवी काढली, हातावर तोलली, कानाशी हलवली आणि न उघडताच परत आला.

मी विचारलं, न उघडता?

मिस्त्री म्हणाला, “मीही तेच म्हटलं, उघडून तर बघ. तर म्हणे, ही दुसऱ्याची आहे, आमच्याकडे उघडत नाहीत. त्या म्हाताऱ्याची गोळी आठाची असते, मी जाऊन देऊन येतो. आठाच्या आधीच गेला तो. अजून पोचला नाही का?”

इथून निवारा पाऊण तासाच्या वाटेवर. म्हणजे तो पावणेनऊच्या आसपास आमच्या दाराशी आला असणार. तेव्हा मी दवाखान्यात होते, पण वन्स ऑफिसात होत्या, दारापासून दहा पावलांवर. त्यांनी थाप ऐकली नव्हती. ऐकणार कशी? पाटी वाचून कोणी थाप मारलीच नव्हती.

मी वन्सकडे पाहिलं, वन्सनी माझ्याकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे त्या म्हणू शकल्या असत्या. एरवी अशी संधी त्यांनी सोडली नसती. त्या फक्त म्हणाल्या, चल.

रिक्षा मिळाली. दारासमोरच्या बाकावर कोणी नव्हतं. बाकावर नेहमी बसणाऱ्यांपैकी एक जण पलीकडच्या दुकानाशी उभा होता, त्याने सकाळी टोपीवाल्याला पाहिलं होतं. पाटीसमोर बराच वेळ उभा होता, मग मागच्या बोळाकडे गेला, म्हणाला. मागचा बोळ म्हणजे धुण्याच्या खोलीची मागची भिंत. तिथे वाळवणाच्या मशीनचं धुराडं बाहेर निघतं आणि दिवसभर गरम हवा सोडतं. थंडीत आमची माणसं तिथे बसतात हे मला माहीत होतं, मी काणाडोळा करायचे.

त्या दिवशी धुराडं गार होतं. तो त्याच्या खाली भिंतीला टेकून बसला होता, गुडघे पोटाशी, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. शेजारी दोनदा ओकलेलं. मी वाकले तर श्वासाला तो वास, नासक्या फळांचा. एकदा नाकात बसला की तो वास कोणी सिस्टर विसरत नाही. श्वास खोल, भराभर. मशीन काढून त्याच्या बोटाला टोचलं तर मशीनने आकडाच दाखवला नाही, त्याच्या मापाच्या वर गेली होती साखर. इन्शुलिन जवळ होतं, पण या टप्प्यावर आधी सलाइन लागतं आणि सुई किती द्यायची ते रक्त तपासून डॉक्टरच ठरवतात. वन्स रुग्णवाहिकेला फोन करायला आत पळाल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. मी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि हाक मारायला गेले. काय म्हणून मारणार? बाळा म्हटलं. आयुष्यात कोणा पेशंटला म्हटलं नव्हतं.

त्याने डोळे अर्धे उघडले. मला ओळखलं आणि दचकून उठायला लागला. टाकीतून आल्यासारखा आवाज होता, पण शब्द कळले.

“सहा वाजायचेत अजून, बाई. मी दार वाजवलं नाही.”

मग त्याने मूठ पुढे केली. आजोबांची पिशवी होती. नाडीची गाठ मीच मारलेली, जशीच्या तशी. आजोबा बरे आहेत का, असं काहीतरी त्याने विचारलं आणि मान टाकली.

रुग्णवाहिका आली तेव्हा सहाला सात मिनिटं कमी होती. इस्पितळात मी त्यांना सगळं सांगितलं, शेवटची सुई केव्हाची, किती तास झाले, चूक कोणाची. भरतीच्या कागदावर नावाची ओळ होती. कारकुनाने पेन उचललं. मी सांगितलं, शुद्धीवर आला की त्याला विचारा, सांगायचं असेल तर सांगेल. रात्रभर सलाइन, दर तासाला रक्ततपासणी. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, ज्या बाकांवरून मी वर्षानुवर्षं नातेवाइकांना उठवत आले, तसल्याच. निवारा वन्सनी एकट्यांनी सांभाळला आणि त्या रात्री कोणी भांडलं नाही. पहाटे डॉक्टर म्हणाले, वाचला, अजून दोन तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. मी खूप रडले. लाज वाटली नाही.

पाटी मी दुसऱ्याच दिवशी काढली. स्क्रू गंजले होते, मनगट दुखलं. पिशव्या आता दाराशी, माणसाच्या हातात, तोंड बघून. दिवसाच्या परवानगीसाठी अर्ज केला आहे, मिळेल तेव्हा मिळेल. दरवाज्यावर चार भोकं राहिली आहेत, ती बुजवू नका असं मी वन्सना सांगितलं.

पाचव्या दिवशी दुपारी तीनला मी कचरा टाकायला म्हणून दार उघडलं तर तो समोर उभा. हातात इस्पितळाचा कागद, डोक्यावर तीच टोपी, गाल बसलेले. किती वेळ उभा होता कोण जाणे. पाटी नाही हे त्याला दिसत होतं, तरी उभाच होता. मला बघून तो एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला की सहाला येतो. माझ्या घशाशी माफी आली होती, पाच दिवस घोकलेली. पण माझं तोंड ते माझंच.

“वाजवायला काय झालं होतं?” मी म्हटलं.

मी दार लावून घेतलं. त्याच्या तोंडावर. आतून वन्स धावत आल्या, तुला वेड लागलंय का म्हणून. मी त्यांना हाताने थांबवलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. मशीनची घरघर चालू होती. पलीकडून काहीच येईना. मला वाटलं, गेला. पुन्हा मीच घालवला.

मग एक थाप पडली, इतकी हलकी की दाराला कान लावलेला असला तरच ऐकू यावी. मी आतून ओरडून सांगितलं की ऐकू आलं नाही. मग त्याने दार वाजवलं, पोस्टमनसारखं, तीनदा, आणि मी उघडलं.